अंगणभर गुलाब, पण हातमोजे घालून

सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरची गर्दी, मेट्रोचे खांब आणि दुकानांच्या पाट्या मागे टाकून आतल्या गल्लीत वळले की अजूनही काही जुनी घरे भेटतात. फाटकापासून पायरीपर्यंत आठ-दहा फूट लांब, दोन-तीन फूट रुंद मातीची पट्टी, कोपऱ्यात तुळस आणि भिंतीला टेकवून ठेवलेला कूलरचा सांगाडा. पूर्वी या पट्टीत जास्वंद, मोगरा, कर्दळ असायची. मग मुले शिकून पुण्या-बंगळुरूला गेली, घरात साठी-सत्तरीतली दोन माणसे उरली, गुडघे बोलू लागले आणि पट्टीत गाजरगवत माजले. एक दिवस ठेकेदार येतो, पेव्हिंग ब्लॉक बसवून जातो आणि कटकट संपली असे सगळ्यांना वाटते.

मे महिन्यात कळते की कटकट संपलेली नाही, तिचे फक्त रूप बदलले आहे. दिवसभर तापलेले ब्लॉक ती उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतात. नागपुरात नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. मात्र उष्माघाताच्या दृष्टीने दुपारच्या तापमानाइतकीच रात्रही महत्त्वाची असते. दिवसभर ताण सोसलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला तर ते सावरते. तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच तुटीतून होते. वृद्धांना, हृदयविकाराच्या रुग्णांना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ही तूट लवकर भोवते. झाडांनी झाकलेली माती मात्र पानांतून पाणी बाहेर टाकत स्वतःला थंड ठेवते. वीस-पंचवीस चौरस फुटांच्या हिरव्या पट्टीने शहराचे तापमान उतरत नाही, पण खिडकीखालची जमीन रात्री भट्टीसारखी राहत नाही, एवढे नक्की.

प्रश्न उरतो तो मेहनतीचा. साठीनंतर ज्याची निगा झेपेल, जे दरवर्षी नव्याने लावावे लागणार नाही, ज्यावर दर आठवड्याला औषध फवारावे लागणार नाही आणि तरीही जे पाहून मन प्रसन्न होईल, असे काय लावावे? याचे एक उत्तर गुलाब आहे, असे सांगितले तर बहुतेक जण हसतील. गुलाब म्हणजे लाडावलेले झाड, अशीच आपली समजूत आहे. ती खोटी नाही, पण ती एकाच प्रकारच्या गुलाबावरून झालेली आहे.

लाडावलेला गुलाब आणि रांगणारा गुलाब

प्रदर्शनात बक्षीस मिळवणारा, लांब दांड्यावर एकच मोठे फूल देणारा गुलाब हा ‘हायब्रिड टी’ गटातला. त्याची पैदास फुलाचा आकार आणि रंग यांसाठी झाली. पानांवर पडणारे काळे ठिपके, भुरी, मावा यांना तोंड देण्याची ताकद या निवडीत अनेकदा मागे पडली. म्हणून त्याला छाटणी, खते आणि फवारणी यांचे काटेकोर वेळापत्रक लागते.

जमिनीलगत पसरणाऱ्या, म्हणजे ‘ग्राउंडकव्हर’ गुलाबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या अनेक जातींच्या मुळाशी ‘रोझा विच्युराना’ हा पूर्व आशियातला रानगुलाब आहे. समुद्रकाठच्या उतारांवर तो जमिनीवर रांगत वाढतो, फांदी मातीला टेकली की तिथे मुळे धरतो आणि त्याची चकचकीत पाने सहसा रोगाला दाद देत नाहीत. १९१९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला ‘मॅक्स ग्राफ’ हा त्याच्या संकरातून झालेला सुरुवातीचा पसरणारा गुलाब. १९३२ मध्ये इंग्लंडमधून आलेला, बारीक गुलाबी फुलांचे घोस देणारा ‘द फेअरी’ आजही जगभर लावला जातो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या नोआक यांच्या पैदाशीतून आलेल्या आणि पुढे ‘फ्लॉवर कार्पेट’ या नावाने विकल्या गेलेल्या गुलाबाने तर रस्त्याच्या दुभाजकांवरही गुलाब लावता येतो, हे दाखवून दिले. जर्मनीत नव्या गुलाबांची जी राष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बुरशीनाशक न फवारताच झाडे तपासली जातात. म्हणजे गुलाबाला किती जपता येते यापेक्षा न जपता तो किती टिकतो, ही परीक्षा झाली.

भारतातही हा विचार जुना आहे. गव्हाच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे आपल्या हवामानासाठी गुलाबांची पैदास करणारेही होते. कोडाइकनालचे निवृत्त सनदी अधिकारी एम. एस. विराराघवन आणि गिरिजा विराराघवन यांनी उष्ण प्रदेशासाठी गुलाब घडवताना ‘रोझा क्लिनोफायला’ या भारतीय रानगुलाबाचा वापर केला. नदीकाठी, पाणथळ जागी वाढणारा हा गुलाब उष्णता आणि साचलेले पाणी दोन्ही सोसतो. विदर्भाला नेमके हेच दोन्ही हवे असते.

निवड ऑक्टोबरात, जानेवारीत नव्हे

युरोपात गाजलेली प्रत्येक जात नागपुरात गाजेल असे नाही. तिथल्या चाचण्या थंडीतल्या आणि सौम्य उन्हातल्या असतात. रोपवाटिकेत ‘ग्राउंडकव्हर’ अशी पाटी शोधत बसण्यापेक्षा झाडाची वाढ पाहावी. गुडघ्याच्या वर न जाणारे, उंचीपेक्षा रुंदीला अधिक वाढणारे, बारीक पानांचे आणि घोसाने फुलणारे झाड निवडावे. पॉलिअँथा गटातले गुलाब आणि ज्यांना आपण ‘बटण गुलाब’ म्हणतो त्यांतले पसरट वाढणारे प्रकार या कामाला चालतात.

निवडीचा एक साधा नियम आहे. जानेवारीत कोणताही गुलाब देखणाच दिसतो, कारण नागपूरची थंडी गुलाबाला मानवते. खरी परीक्षा पावसाळ्यात होते. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात-आठ तास ओले मिळाले की ती आत शिरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अशा रात्रींना तोटा नसतो. म्हणून पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोपवाटिकेत जावे. ज्या झाडांनी पावसाळाभर पाने धरून ठेवली, ती आपली. ज्यांची खालची पाने गळून नुसत्या काड्या उरल्या, ती कितीही सुंदर फुलत असली तरी सोडून द्यावीत. झाडांवर फवारणी कितीदा केली, हेही रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट कलमाची. बाजारातले बहुतेक गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. उभ्या झाडात खुंटाचे रानफुटवे चटकन दिसतात आणि काढता येतात. पसरणाऱ्या झाडात ते गर्दीत लपतात आणि दोन वर्षांत मूळ झाडालाच दाबून टाकतात. म्हणून शक्यतो छाट कलमाचे, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर वाढलेले रोप घ्यावे. शेजाऱ्याकडे चांगले झाड असेल तर विकत घेण्याचीही गरज नाही. त्याची एक लांब फांदी मातीत दाबून वर दगड ठेवला, तर काही आठवड्यांत तिला मुळे फुटतात. दाब कलमाची ही जुनी पद्धत अशा गुलाबासाठी सर्वात सोपी आहे.

बर्डीची माती

बर्डीची टेकडी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे आणि त्याखाली चुनखडीयुक्त थर आहेत. १९व्या शतकाच्या मध्यात स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या भूगर्भाचा जो अभ्यास केला, तेव्हापासून या परिसराचे खडक भूशास्त्रज्ञांना परिचयाचे आहेत. बेसाल्टपासून झालेली काळी माती सुपीक असते, पण पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दोन्ही वेळा गुलाबाच्या मुळांचे हाल होतात. शिवाय जुन्या घरांच्या अंगणात माती कमी आणि बांधकामाची भर जास्त असते. चुना, सिमेंट आणि विटांचे तुकडे मातीचा सामू आणखी वाढवतात. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला झाडाचा पंडुरोग म्हणता येईल. माणसातल्याप्रमाणेच इथेही नुसते लोह ओतून भागत नाही, ते शोषले जाईल अशी परिस्थिती करावी लागते.

त्यावर उपाय म्हणजे वाफा जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट उंच करणे. वरची भर काढून त्या जागी एक भाग चांगली माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत भरावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे, ताजे शेण वाळवीला आमंत्रण देते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीने शहरात जो धुमाकूळ घातला, तो आठवला तर उंच वाफ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गुलाबाची मुळे पाण्यात बुडून राहिली तर गुदमरतात. वाफ्याला रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. उंच इमारतींच्या फटीत दोनच तास ऊन येत असेल तर तिथे गुलाबाचा हट्ट धरू नये.

खरी मेहनत पहिल्या वर्षी

‘कमी देखभाल’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला नाही तर फसगत होते. पसरणारा गुलाब तण दाबतो हे खरे, पण तो ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, फांद्या एकमेकींत मिसळल्यावर. पहिल्या वर्षी मोकळ्या मातीत तण येणारच. त्यातही हरळी आणि लव्हाळा एकदा काटेरी जाळीत शिरले की त्यांना बाहेर काढणे माणसाच्या हातचे राहत नाही. जी बाग हात न घालता वाढावी म्हणून लावली, तिच्यातच मग कोपरापर्यंत हात घालून ओरखडे घेत बसावे लागते. पसरणारे गुलाब वैतागून उपटले जातात ते बहुधा याच कारणाने.

म्हणून लावणीच्या आधी एक महिना तणासाठीच द्यावा. वाफा खणून हरळीच्या गाठी आणि लव्हाळ्याचे कंद हाताने वेचावेत. पाणी देऊन उरलेले उगवू द्यावे आणि पुन्हा काढावे. रोपे दोन ते अडीच फुटांवर लावावीत. दहा फुटांच्या पट्टीला चार रोपे पुरतात. मधल्या मातीवर ओला पुठ्ठा अंथरून त्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा, नारळाचा काथ्या किंवा उसाचे पाचट पसरावे. या आच्छादनाने तण अडते, ओल टिकते आणि जमीन तापत नाही. भिंतीलगत मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी आणि विंचू यांचा सुगावा वेळीच लागतो.

गाजरगवताबद्दल एक शब्द वेगळा सांगायला हवा. १९५०च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नोंदवलेले हे तण आज प्रत्येक रिकाम्या जागेत दिसते. त्याच्या स्पर्शाने आणि हवेतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांनी अनेकांना, विशेषतः मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुषांना, चेहरा, मान आणि हातांवर खाजणारा, वर्षानुवर्षे न हटणारा त्वचादाह होतो. काहींना शिंका आणि दम्याचा त्रास होतो. गुलाबाचे परागकण जड असतात आणि ते कीटकांमार्फत पसरतात, त्यामुळे हवेतून ॲलर्जी होण्याची शक्यता कमी. मोकळी माती गुलाबाने झाकली तर गाजरगवताला जागाच उरत नाही. तोपर्यंत ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून आणि मुळासकट उपटावे.

वर्षभराचे काम

छाटणी वर्षातून एकदाच, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. हायब्रिड टीप्रमाणे डोळे मोजून तिरका छेद घेण्याची गरज नाही. कुंपणाची मेंदी कापतात तशी मोठ्या कात्रीने सगळी झाडे जमिनीपासून नऊ इंच-फुटावर सरसकट कापावीत आणि वाळक्या, रोगट काड्या तेवढ्या मुळाशी काढाव्यात. मग प्रत्येक झाडाला दोन-तीन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी. दीड-दोन महिन्यांत फुले सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत टिकतात. याच मोसमात, छाटणीच्या सुमारास, नवी लावणीही करावी.

मार्चनंतर झाडाकडून फुलांची अपेक्षा सोडावी. एप्रिल-मेमध्ये पाने लहान होतात, फुले फिकी आणि बारीक येतात. तो आजार नव्हे, ती विश्रांती आहे. या काळात खत देऊन झाडाला डिवचू नये. पश्चिमेच्या भिंतीचा झळा लागत असेल तर हिरव्या जाळीची सावली करावी. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, सकाळी, मुळाशी आणि खोलवर जाईल असे द्यावे. रोजच्या शिंपणीने मुळे वरच्या थरातच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते.

उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि खाली जाळे दिसले तर तो लाल कोळी. त्याला कोरडेपणा आवडतो. सकाळी नळीच्या जोरदार पाण्याने पाने खालून धुतली तरी तो आटोक्यात येतो. माव्यालाही पाण्याचा मारा बहुधा पुरतो. तरी हटला नाही तर निमतेल लिटरला पाच मिलि या प्रमाणात, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. बस्स, घराच्या अंगणात याहून जहाल काही लागू नये.

खिडकीखाली विष नको

हा मुद्दा विदर्भाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची रांग रुग्णालयांत लागली होती, अनेकांनी जीव गमावला. शेतात निदान मोकळे आकाश असते. बर्डीतल्या अंगणात फवारणारा माणूस भिंत आणि खिडकी यांच्या मध्ये उभा असतो, आत पाळण्यात नातू असतो आणि त्याच हवेवर कूलर चालू असतो.

घरगुती विषबाधेचे आणखी एक जुने कारण म्हणजे शेतावरून आणलेले उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवणे. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, उलट्या-जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास अडकतो. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. अंगावरचे कपडे उतरवावेत, कातडी साबणाने धुवावी, औषधाची बाटली सोबत घ्यावी आणि रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. पण मुळात ज्या झाडाला असल्या औषधाची गरज नाही ते निवडणे, हाच सर्वात स्वस्त उपाय.

गुलकंदाचा मोह होईल म्हणून सांगितलेले बरे. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर आधी काय फवारले होते ते आपल्याला माहीत नसते. अशा झाडाची फुले देवाला वाहावीत, खाऊ नयेत.

काटा रुतला तर

कमी उंचीचा, पसरणारा आणि भरपूर काटे असलेला गुलाब म्हणजे पायांना आणि हातांना ओरखडे आलेच. गुलाबाचा काटा हा लाकडाचा भाग नसतो, तो सालीतून उगवतो. म्हणूनच तो बोटाने बाजूला रेटला की कट्कन मोडतो आणि त्याच गुणामुळे टोचताना टोक तुटून कातडीत राहते.

पेनिसिलिनच्या इतिहासात गुलाबाच्या काट्याची एक गोष्ट सांगितली जाते. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला हे औषध दिले गेले, तेव्हा जंतुसंसर्ग त्याच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांपर्यंत पसरलेला होता. औषधाने तो सुधारू लागला, पण साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. बागेत गुलाबाचा ओरखडा उठल्याने हे सारे झाले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्याच्या मुलीने पुढे ती जखम बॉम्बहल्ल्यातली असल्याचे सांगितले. गोष्ट बाजूला ठेवली तरी वैद्यकातले तथ्य कायम राहते: लहान जखमेतून मोठा संसर्ग होऊ शकतो.

काटा टोचल्यावर जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, दिसणारे टोक उकळून घेतलेल्या चिमट्याने काढावे. हळद, चुना, माती किंवा शेण लावू नये. मातीने माखलेल्या काट्याच्या जखमेत धनुर्वाताचा धोका असतो. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल किंवा ते आठवतच नसेल, तर ती घ्यावी. बागकाम करणाऱ्या ज्येष्ठांनी दर दहा वर्षांनी हा डोस घेण्याची सवय ठेवावी, जखमेची वाट पाहू नये.

तीन गोष्टी मात्र हमखास दुर्लक्षित राहतात. पहिली, ‘स्पोरोट्रायकोसिस’ हा बुरशीचा आजार. १८९८ मध्ये बेंजामिन शेंक यांनी वर्णन केलेली ही बुरशी माती आणि कुजक्या पाल्यात राहते आणि काट्यावाटे कातडीत शिरते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी टोचलेल्या जागी न दुखणारी गाठ येते, ती फुटते आणि मग हातावर वरच्या दिशेने ओळीने आणखी गाठी उठतात. भारतात हा आजार हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांत अधिक दिसतो, पण इतरत्रही तुरळक आढळतो. साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही. बुरशीविरोधी औषध काही महिने घ्यावे लागते आणि त्याने तो बरा होतो. मात्र डॉक्टरांना ‘मी गुलाबाचे काम करतो’ हे सांगायला हवे, एरवी निदान भरकटते.

दुसरी गोष्ट सांध्याची. बोटाच्या पेरात काटा रुतून आठवडे उलटले, जखम भरली, तरी तो सांधा सुजलेलाच राहिला तर आत तुकडा अडकलेला असू शकतो. एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, डोळ्याची. छाटताना उसळलेली फांदी बुबुळाला लागली तर वनस्पतीच्या अशा इजेतून बुरशीचा व्रण होऊ शकतो. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले थेंब आणून घातले की लाली तात्पुरती उतरते आणि आतली बुरशी बेलाशक वाढते. यात दृष्टी जाऊ शकते. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. छाटणीच्या वेळी साधा चष्मा घातला तरी ही वेळ सहसा येत नाही.

मधुमेही व्यक्तींसाठी नियम आणखी कडक आहे. पायाची संवेदना कमी झालेल्याला काटा रुतल्याचे कळतच नाही, कळते ते पू झाल्यावर. त्यांनी वाफ्याजवळ अनवाणी किंवा स्लिपर घालून जाऊ नये, जाड तळाचे बंद बूट घालावेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. दिसत नसेल तर आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत.

कूलर, कुंडी आणि डास

नागपूरच्या उन्हाळ्याचा आधार म्हणजे कूलर, आणि डेंग्यूच्या डासाचाही तोच आधार. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत नवा डास तयार होतो. अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून टाकी नुसती रिकामी करून चालत नाही, आतून घासावी लागते. कुंड्यांखालच्या थाळ्या ही या डासाची दुसरी आवडती जागा. पसरणारा गुलाब जमिनीत वाढतो, त्याला थाळी लागत नाही. दहा कुंड्यांच्या जागी चार रोपे आली तर आठवड्याच्या ‘कोरड्या दिवसा’चे काम तेवढेच हलके होते. दाट पानांच्या सावलीत डास बसतात हे खरे, पण अंडी घालायला त्यांना पाणीच लागते. ते शोधून काढले की निम्मी लढाई जिंकली.

कामाची वेळ सकाळी आठच्या आत, उन्हाळ्यात तर सातच्या आत. वाकून काम करण्याऐवजी लाकडी पाट किंवा बुटके स्टूल घ्यावे, लांब दांड्याची कात्री वापरावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाली बसल्यावर झटकन उठू नये, भिंतीचा आधार घेऊन क्षणभर थांबावे. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम नको, राहिलेले काम उद्या होते. चामड्याचे किंवा जाड रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हा गुलाबाच्या रोपाइतकाच खरेदीचा भाग समजावा.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर काम असे उरते: पहिल्या वर्षी तणाशी झुंज, नंतर वर्षातून एक छाटणी, दोन-चार वेळा खत आणि आठवड्यातून दोन-तीनदा पाणी. निवृत्त माणसाला रोज अंगणात उतरण्याचे निमित्त मिळावे इतपत हे काम आहे आणि त्याच्या कंबरेने तक्रार करावी इतके ते नाही. ठेकेदाराला ब्लॉकसाठी फोन करण्याआधी एक ऑक्टोबर या पट्टीला देऊन पाहावा. महाराजबागेच्या परिसरात फिरायला जाणाऱ्यांनी परतताना हातमोज्यांची जोडी विकत घ्यावी. रोप त्यानंतर आणले तरी चालेल.